विश्लेषण : वायुसाठा एकच, मालक दोन… कतारला जमले ते इराणला का जमले नाही?

जगातील सर्वांत मोठा नैसर्गिक वायूचा साठा पर्शियन आखाताच्या तळाखाली आहे. इराण आणि कतार हे त्याचे दोन मालक. याच साठ्याच्या जोरावर कतार द्रवरूप नैसर्गिक वायूच्या (एलएनजी) बाजारातील बडा निर्यातदार झाला आणि दरडोई उत्पन्नात जगातील श्रीमंत देशांच्या पंगतीत जाऊन बसला. याच साठ्यातून वायू उपसणाऱ्या इराणमध्ये मात्र हिवाळ्यात वायू पुरत नाही म्हणून शाळा आणि सरकारी कार्यालये बंद ठेवावी लागतात. जून २०२५ मधील इस्रायल-इराण संघर्षात या साठ्यावरील इराणी प्रकल्पावर हल्ला झाला आणि नऊ दिवसांनी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली. तरीही तेव्हा या दोन देशांनी एकमेकांशी संवाद तोडला नाही. हे नाते नेमके काय आहे आणि त्याचा भारताशी काय संबंध, याचा हा वेध.

साठा किती मोठा आहे?

इराण त्याला ‘साउथ पार्स’ म्हणतो, तर कतार ‘नॉर्थ फील्ड’. नावे दोन असली तरी समुद्रतळाखाली सुमारे तीन किलोमीटर खोलीवर असलेला खडकांचा हा थर अखंड आहे. त्याचे एकूण क्षेत्रफळ अंदाजे ९,७०० चौरस किलोमीटर. त्यापैकी सुमारे ६,००० चौरस किलोमीटर कतारच्या आणि सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर इराणच्या सागरी हद्दीत येते. या थरात अंदाजे ५१ लाख कोटी घनमीटर वायू असावा, असे मानले जाते. त्यातील बराच भाग आजच्या तंत्रज्ञानाने बाहेर काढता येऊ शकतो. वायूबरोबर कंडेन्सेट नावाचे हलके तेलही मिळते आणि तेही चांगल्या भावाने विकले जाते. कतारच्या बाजूला वायूवर प्रक्रिया करताना हेलियमही वेगळा काढला जातो. जगाच्या हेलियम पुरवठ्यात कतारचा वाटा मोठा आहे.

ज्ञात वायुसाठ्यांच्या यादीत रशिया पहिला, इराण दुसरा आणि कतार तिसरा आहे. मात्र कतारचा जवळजवळ सगळा साठा या एकाच क्षेत्रात आहे. इराणकडे इतरही वायुक्षेत्रे आहेत. तरी त्याच्या एकूण उत्पादनापैकी सुमारे ७० टक्के वायू एकट्या साउथ पार्समधून येतो. म्हणजे दोन्ही देशांचे ऊर्जाजीवन याच थरावर अवलंबून आहे.

सागरी सीमा कशी ठरली?

विशेष म्हणजे सीमा ठरली तेव्हा खाली काय दडले आहे, याची दोन्ही बाजूंना कल्पना नव्हती. इराण आणि कतार यांच्यात सागरी सीमेचा करार सप्टेंबर १९६९ मध्ये झाला. तेव्हा इराणमध्ये शाह मोहम्मद रझा पहलवी यांची सत्ता होती आणि कतार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. कतार स्वतंत्र झाला तो सप्टेंबर १९७१ मध्ये. त्याच वर्षी शेल कंपनीला कतारच्या बाजूला हा वायू सापडला. कंपनी तेल शोधत होती आणि त्या काळी वायूला फारशी किंमत नव्हती. त्यामुळे या शोधाचे स्वागतही थंडच झाले. इराणच्या बाजूचा भाग सिद्ध व्हायला १९९० उजाडले.

सीमा आधीच आखलेली असल्याने मालकीवरून वाद झाला नाही. आखातात हे दुर्मीळ आहे. इराण, कुवेत आणि सौदी अरेबिया यांच्यात एका वायुक्षेत्राच्या मालकीवरून (कुवेत-सौदी त्याला ‘दुर्रा’ म्हणतात, इराण ‘आराश’) आजही वाद आहे, कारण तिथे सीमाच ठरलेली नाही. १९६९ च्या करारात आणखी एक तरतूद आहे. सीमेपलीकडे पसरलेला साठा सापडल्यास सीमारेषेपासून १२५ मीटरच्या आत कोणीही परस्पर संमतीशिवाय उत्पादन विहीर खोदायची नाही आणि संयुक्त वा समन्वित उत्पादनासाठी समझोत्याचा प्रयत्न करायचा. यातील पहिला भाग सीमेवर टिकला, दुसरा कागदावरच राहिला.

एकाने जास्त उपसा केला तर काय होते?

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी ठरलेली नसेल, तर ज्याचा पंप मोठा त्याच्या शेतात पाणी जास्त जाते. वायूचेही तसेच. जिथे उपसा होतो तिथला दाब कमी होतो आणि जास्त दाबाच्या बाजूचा वायू हळूहळू तिकडे सरकतो. खडकाची सच्छिद्रता, भेगा आणि अंतर यांवर हा वेग अवलंबून असतो. शिवाय सीमेपासून दूरच्या विहिरींचा परिणाम पलीकडे पोहोचायला बराच काळ लागतो. पण दिशा ठरलेली असते.

अशा साठ्यासाठी जगात एक रुळलेला उपाय आहे. साठा एकच मानायचा, त्याचे उत्पादन एका यंत्रणेकडे सोपवायचे आणि ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचे. ब्रिटन आणि नॉर्वे यांनी उत्तर समुद्रातील ‘फ्रिग’ वायुक्षेत्रासाठी १९७६ मध्ये असाच करार केला होता. इराण आणि कतार यांच्यात असा करार झाला नाही. त्यामुळे ‘जो आधी काढेल त्याचा’ हाच इथला व्यावहारिक नियम बनला. इराणमध्ये अनेक वर्षे हा राजकीय मुद्दा होता. कतार आपल्या वाट्याचा वायू पळवतो आहे, अशी टीका तिथे वारंवार झाली. मात्र उशीर स्वतःच्याच बाजूने झाला, हेही तिथले तज्ज्ञ मान्य करत आले आहेत.

कतारने बाजी कशी मारली?

कतारची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि त्यातही मूळ नागरिक थोडे. एवढा वायू देशात खपणे शक्यच नव्हते. तो निर्यात करण्यावाचून पर्याय नव्हता. जलवाहिनीसारख्या वाहिन्यांनी तो दूरच्या बाजारात नेणे राजकीयदृष्ट्या अवघड होते, कारण सगळ्या वाटा शेजाऱ्यांच्या हद्दीतून जातात. म्हणून कतारने वायू द्रवरूप करून जहाजाने पाठवण्याचा मार्ग धरला. वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते आणि तो टाकीत भरून कुठेही नेता येतो.

यासाठी लागणारा पैसा आणि तंत्र कतारकडे नव्हते. कतारने परदेशी कंपन्यांना भागीदार केले, खरेदीदारांशी २०-२५ वर्षांचे करार आधीच केले आणि त्या करारांच्या जोरावर कर्ज उभे केले. कतारगॅसची स्थापना १९८४ ची. नॉर्थ फील्डमधील पहिल्या टप्प्याचे उत्पादन १९९१ मध्ये सुरू झाले आणि १९९६ च्या अखेरीस एलएनजीचे पहिले जहाज जपानकडे रवाना झाले. त्यानंतर अवघ्या १४ वर्षांत, म्हणजे २०१० मध्ये, कतारची क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवर पोहोचली. दोहाच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवरचे रास लफान हे बंदर जगातील मोठ्या एलएनजी निर्यात केंद्रांपैकी एक बनले.

मधल्या काळात कतारने एक संयमाचा निर्णयही घेतला. इतक्या उपशाचा साठ्यावर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी २००५ मध्ये नव्या प्रकल्पांना स्थगिती दिली. ती उठवली एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल १२ वर्षांनी.

इराण मागे का राहिला?

पहिले कारण इतिहासाचे. १९७९ ची इस्लामी क्रांती आणि १९८० ते १९८८ हे इराकशी झालेले युद्ध या काळात समुद्रातील वायूकडे पाहायला इराणला उसंत नव्हती. दुसरे कारण निर्बंधांचे. इराणच्या ऊर्जाक्षेत्रात गुंतवणूक करणाऱ्या परदेशी कंपन्यांवरही कारवाई करण्याचा कायदा अमेरिकेने १९९६ मध्ये केला. तरीही फ्रान्सच्या टोटल कंपनीने १९९७ मध्ये रशियाची गॅझप्रॉम आणि मलेशियाची पेट्रोनास यांच्यासह साउथ पार्सच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याचे काम घेतले. तेव्हाच्या क्लिंटन प्रशासनाने त्यांना सूट दिली. या टप्प्यांतून २००२ मध्ये वायू येऊ लागला. पुढे अणुकार्यक्रमावरून निर्बंध कडक होत गेले आणि युरोपीय कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या.

अकराव्या टप्प्याची कहाणी या साऱ्याचे सार सांगते. २०१५ च्या अणुकरारानंतर निर्बंध सैल झाले. जुलै २०१७ मध्ये टोटल, चीनची सीएनपीसी आणि इराणची पेट्रोपार्स यांनी सुमारे ४.८ अब्ज डॉलरचा करार केला. मे २०१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अणुकरारातून माघार घेतली. काही महिन्यांत टोटलने काढता पाय घेतला आणि २०१९ मध्ये सीएनपीसीही बाहेर पडली. अखेर पेट्रोपार्सने एकट्याने काम रेटले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये या टप्प्यातून वायू येऊ लागला. हा टप्पा कतारच्या सीमेला लागून असल्याने इराणला तो प्रतिष्ठेचा वाटत होता.

तिसरे कारण फारसे चर्चेत येत नाही. द्रवीकरणाचे तंत्रज्ञान पाश्चात्त्य कंपन्यांच्या हाती आहे. त्यामुळे टोंबक येथील इराणचा एलएनजी प्रकल्प अर्धवट पडून राहिला. इराण वाहिन्यांद्वारे तुर्कस्तान, इराक आणि आर्मेनियाला वायू विकतो. ही निर्यात त्याच्या उत्पादनाच्या दहा टक्क्यांहूनही कमी आहे.

मग इराणमध्येच टंचाई का?

इराण हा अमेरिका आणि रशियापाठोपाठ जगातील तिसरा मोठा वायू उत्पादक आहे. साउथ पार्सचे सगळे २४ टप्पे आता कमी-अधिक प्रमाणात सुरू आहेत आणि या सामाईक साठ्यातून आपण कतारइतकाच किंवा अधिक वायू काढतो, असा दावा इराणने २०१९ च्या सुमारास केला. मात्र कतारचा वायू डॉलर कमावतो आणि इराणचा घराघरांत, वीज प्रकल्पांत व कारखान्यांत जळतो. नऊ कोटींच्या देशात वायूची वाहिनी खेड्यापाड्यांत पोहोचवली गेली, हे इराणचे मोठे यश. पण दर नाममात्र ठेवले गेल्याने काटकसरीची सवय लागली नाही. इमारतींत उष्णता टिकत नाही, जुन्या वीज प्रकल्पांची कार्यक्षमता कमी आहे. जुन्या तेलक्षेत्रांतील दाब राखण्यासाठीही वायू जमिनीत सोडावा लागतो. काही वायू तेल काढताना नुसताच जाळला जातो आणि त्या बाबतीत इराण जगातील आघाडीच्या देशांत मोडतो.

परिणाम डिसेंबर २०२४ मध्ये दिसला. कडाक्याच्या थंडीत वायू अपुरा पडला, वीज प्रकल्प थांबले, अनेक प्रांतांत शाळा व कार्यालये बंद ठेवण्यात आली. घरातील तापमान दोन अंशांनी कमी ठेवा, असे आवाहन अध्यक्ष मसूद पेझेश्कियान यांना करावे लागले. वीज प्रकल्पांत मग मझूत हे जड, गंधकयुक्त इंधन तेल जाळले जाते आणि शहरांची हवा आणखी विषारी होते. जगातील दुसऱ्या क्रमांकाचा साठा असलेला इराण आता अझरबैजानमार्गे रशियाकडून वायू आयात करण्याची बोलणी करतो आहे, याहून मोठा विरोधाभास शोधून सापडणार नाही.

दाब घटण्याचे संकट काय आहे?

खरी कसोटी पुढे आहे. साउथ पार्सच्या इराणी बाजूच्या विहिरींचा दाब घटू लागला आहे. दाब कमी झाला की वायू आपोआप वर येऊन किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी समुद्रात प्रचंड कॉम्प्रेसर बसवलेले फलाट उभारावे लागतात. असा पहिला फलाट अकराव्या टप्प्यात टोटल उभारणार होती. ते राहिले. इराणने आता देशी कंपन्यांशी अब्जावधी डॉलरचे करार केले आहेत, परंतु त्यांना हे काम नवे आहे. ते वेळेत झाले नाही तर उत्पादनाला दरवर्षी गळती लागेल.

दाबाचा प्रश्न कतारलाही आहे. फरक तयारीचा आहे. कतारने इटली, अमेरिका, चीन अशा ठिकाणच्या कंपन्यांना समुद्रातील कामे वाटून दिली. मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोला मार्च २०२५ मध्ये नॉर्थ फील्डमधील दोन कॉम्प्रेशन संकुलांचे काम मिळाले. कंपनीने ते आपल्या इतिहासातील सर्वांत मोठे कंत्राट असल्याचे सांगितले होते. म्हणजे ज्या यंत्रणेसाठी इराण झगडतो आहे, ती कतारसाठी उभारण्यात एक भारतीय कंपनी गुंतली आहे.

स्पर्धा आहे, मग सहकार्य कसे टिकते?

या प्रश्नाचे उत्तर २०१७ मध्ये मिळाले. त्या जून महिन्यात सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारिन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली. त्यांनी ठेवलेल्या १३ मागण्यांत इराणशी संबंध कमी करण्याची मागणी वरच्या क्रमांकावर होती. कतारने ती फेटाळली. इराणने कतार एअरवेजसाठी आपले हवाई क्षेत्र खुले केले आणि अन्नधान्य पाठवले. २०१६ मध्ये तेहरानमधील सौदी दूतावासावरील हल्ल्यानंतर कतारने आपला राजदूत परत बोलावला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला पुन्हा पाठवण्यात आले. नाकेबंदी जानेवारी २०२१ मध्ये उठली.

या नाकेबंदीतील एक बाब लक्षणीय आहे. कतारमधून अमिरातीत वायू नेणारी ‘डॉल्फिन’ वाहिनी त्या साडेतीन वर्षांत एकदाही राजकारणापोटी बंद झाली नाही. याउलट इराणने अमिरातीतील कंपनीशी २००१ मध्ये केलेल्या २५ वर्षांच्या वायूकरारातून वायू कधी पोहोचलाच नाही आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादात गेले. भरवशाचा विक्रेता हीच कतारची खरी पत आहे.

इराणला दुखावणे कतारला परवडत नाही, कारण सामाईक साठा आणि निर्यातीचा सागरी मार्ग दोन्ही इराणच्या टप्प्यात आहेत. इराणलाही कतार हवा असतो, कारण जगाशी बोलण्यासाठी ती एक खिडकी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिका-इराण कैदी अदलाबदलीत दक्षिण कोरियात अडकलेले इराणचे सहा अब्ज डॉलर कतारमधील बँकांत हलवण्यात आले, ते याच विश्वासातून.

वायूची ‘ओपेक’ का झाली नाही?

वायू निर्यातदार देशांच्या मंचाची पहिली मंत्रिस्तरीय बैठक २००१ मध्ये तेहरानमध्ये झाली. २००८ मध्ये रशिया, इराण आणि कतार यांनी तिघांनी मिळून समन्वय साधण्याची घोषणा केली, तेव्हा युरोप-अमेरिकेत धास्ती पसरली होती. मंचाला औपचारिक रूप मिळाले आणि मुख्यालय दोहाला गेले. पण तेलासारखे उत्पादन घटवून भाव वाढवणे या मंचाला कधी जमले नाही.

त्याची कारणे बाजाराच्या रचनेत आहेत. एलएनजीचा मोठा भाग दीर्घ मुदतीच्या करारांनी विकला जातो आणि अनेक करारांत त्याचा दर कच्च्या तेलाशी बांधलेला असतो. त्यामुळे पुरवठा आखडता घेऊन भाव वाढवण्यास वाव थोडा. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया हे बडे निर्यातदार मंचाचे सदस्य नाहीत. सदस्यांचे हितही एक नाही. युरोपने रशियाच्या वाहिन्यांकडे पाठ फिरवली तेव्हा ती जागा भरण्यासाठी पुढे आलेल्यांत कतारही होता. कतार तर अमेरिकेतच टेक्सासमधील ‘गोल्डन पास’ एलएनजी प्रकल्पाचा ७० टक्के मालक आहे.

जून २०२५ मध्ये काय बदलले?

१४ जून २०२५ रोजी इस्रायलने साउथ पार्सच्या चौदाव्या टप्प्याशी संबंधित इराणी प्रकल्पावर हल्ला केला. आग लागली आणि काही उत्पादन थांबवावे लागले. साठा सामाईक असल्याने कतारने या हल्ल्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. २२ जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले आणि २३ जूनला इराणने कतारमधील अल उदैद या अमेरिकी हवाई तळावर क्षेपणास्त्रे डागली. पूर्वसूचना मिळाल्याने जीवितहानी झाली नाही. कतारने सार्वभौमत्वाच्या उल्लंघनाचा निषेध केला आणि त्याच वेळी शस्त्रसंधीसाठी मध्यस्थीही केली. सप्टेंबरमध्ये इस्रायलने थेट दोहावर हल्ला केला. मध्यस्थाची भूमिका हेच आपले संरक्षण, या कतारच्या समजाला एका वर्षात दोन तडे गेले.

याच काळात इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्यास पाठिंबा दिला. त्या संघर्षात प्रत्यक्षात वाहतूक थांबली नाही. मात्र २०२५ मध्ये जगाच्या एलएनजी व्यापारापैकी सुमारे एक पंचमांश माल, प्रामुख्याने कतारचा, याच चिंचोळ्या मार्गाने जात होता. सौदी अरेबिया आणि अमिराती यांच्याकडे तेलासाठी होर्मुझ टाळणाऱ्या वाहिन्या आहेत. कतारच्या एलएनजीला दुसरी वाटच नाही.

भारताचा संबंध काय?

भारत आपल्या गरजेच्या जवळपास निम्मा वायू आयात करतो आणि कतार हा सर्वांत मोठा पुरवठादार आहे. एलएनजी आयातीत त्याचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. पेट्रोनेट एलएनजीने १९९९ मध्ये कतारशी केलेल्या करारानुसार २००४ पासून गुजरातमधील दहेजला माल येऊ लागला. वर्षाला ७५ लाख टनांचा हा करार २०२८ मध्ये संपणार होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यातील ‘इंडिया एनर्जी वीक’मध्ये त्याला आणखी २० वर्षांची, म्हणजे २०४८ पर्यंतची मुदतवाढ मिळाली. २०१५ मध्ये जागतिक भाव कोसळले तेव्हा भारताने ठरल्यापेक्षा कमी माल उचलला. तेव्हा कतारने सुमारे १२ हजार कोटी रुपयांचा दंड माफ केला, दराचे सूत्र बदलून भाव निम्म्यावर आणला आणि बदल्यात भारताने आणखी १० लाख टन वायू घेण्याचे मान्य केले.

इराणबाबतची यादी उलट आहे. २००५ मध्ये ठरलेला वर्षाला ५० लाख टन एलएनजीचा करार प्रत्यक्षात आला नाही. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीतून भारत बाहेर पडला. ओएनजीसी विदेशच्या नेतृत्वाखालील भारतीय कंपन्यांनी २००८ मध्ये शोधलेले ‘फरझाद-बी’ हे वायुक्षेत्र विकसित करण्याचे काम २०२१ मध्ये इराणने पेट्रोपार्सला दिले.

महाराष्ट्राला याची झळ कशी बसते?

दहेजचा वायू वाहिनीने उरणपर्यंत येतो. दाभोळला वर्षाला ५० लाख टन क्षमतेचे स्वतंत्र एलएनजी टर्मिनल आहे; लाटा अडवणाऱ्या भिंतीअभावी ते अनेक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. अलिबागजवळच्या थळ येथील आरसीएफच्या कारखान्यात वायूपासून युरिया बनतो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांतच मिळते. त्यामुळे वायू महागला तर वाढीव बोजा केंद्राच्या खत अनुदानावर पडतो. सीएनजीबाबत तसे कवच नाही. २०२४ च्या अखेरीस शहर वायू कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी वायू केंद्राने कमी केला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये मुंबईत सीएनजी किलोमागे दोन रुपयांनी महागला. देशी वायू जितका कमी, तितका रिक्षा-टॅक्सीचालक आणि घरगुती पाइप गॅसचे ग्राहक आखातातील घडामोडींना अधिक बांधले जातात.

पुढे काय?

कतार आपली क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवरून २०३० पर्यंत १४ कोटी २० लाख टनांवर नेण्याच्या तयारीत आहे. विस्ताराच्या पहिल्या टप्प्यातील वायू २०२६ मध्ये अपेक्षित होता. अमेरिकेचा नवा वायूही बाजारात येत असल्याने येत्या काही वर्षांत एलएनजी स्वस्त होऊ शकतो. भारतासारख्या ग्राहकाला ते हवेच आहे. इराणसाठी मात्र हा काळ कठीण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पुन्हा लागू झाल्याने कॉम्प्रेसर, भांडवल आणि तंत्रज्ञ मिळवणे आणखी अवघड झाले आहे. कतारचा उपसा जवळपास दुप्पट होत असताना इराणच्या बाजूचा दाब घटत राहिला, तर सामाईक साठ्यातील वाटणीची जुनी तक्रार पुन्हा डोके वर काढेल.

१९६९ च्या करारातील संयुक्त उत्पादनाचे कलम अजूनही कागदावर जिवंत आहे. निर्बंध असेपर्यंत ते अमलात आणणे कतारला शक्य नाही, कारण इराणी प्रकल्पात गुंतवलेला प्रत्येक डॉलर त्याच्या अमेरिकी आणि युरोपीय भागीदारांना अडचणीत आणेल. म्हणून सध्या तरी दोन्ही देश आपापल्या बाजूने उपसा करत राहतील आणि दुसऱ्याची यंत्रणा बंद पडू नये, अशीच प्रार्थनाही करतील. कारण या समुद्रात एकाच्या विहिरीला आग लागली, तर धूर दोघांच्याही घरात शिरतो. दहेजला लागणाऱ्या पुढच्या जहाजाचे भवितव्यही त्यातच गुंतले आहे.